शेगडी तीच, घर बदलले

डिसेंबर लागला की निफाड-मालेगावपासून धुळे, बुलढाणा, नागपूर, गोंदियापर्यंत घराघरांत माळ्यावरची शेगडी खाली उतरते. कुणाकडे ती बिडाची असते, कुणाकडे पत्र्याची, कुणी जुन्या घमेल्यातच कोळसे पेटवतात. घरात वयस्क दादी असतील, थंडीने त्यांचे गुडघे धरले असतील, किंवा लेक बाळंतपणासाठी माहेरी आली असेल, तर शेगडीवाचून चालायचे नाही असे आपण धरूनच चालतो. संध्याकाळी अंगणात कोळसा पेटवायचा, धूर निघून जाईपर्यंत वारा घालायचा, निखारे लालबुंद फुलले की शेगडी उचलून खोलीत न्यायची आणि दार लोटून घ्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे.

शेगडीला नावे ठेवण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. तिच्या उबेत आमच्याही घरातली माणसे वाढली आहेत. पण दर थंडीत वर्तमानपत्रांत एक लहानशी बातमी येते: खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. आग लागलेली नसते, घरातली एक चादरसुद्धा जळालेली नसते. शेजारी दार तोडतात तेव्हा सगळी माणसे झोपल्यासारखी दिसतात. बातमीत ‘गुदमरून’ एवढा एकच शब्द असतो. त्या शब्दामागे काय घडते हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः शेगडी पेटवणाऱ्या बायकांना, नीट ठाऊक असले पाहिजे.

हा विषय घरात काढला की पहिला सवाल दादींचाच येतो. “आम्ही सात लेकरं शेगडीवर शेकून मोठी केली. तेव्हा कुणाला काय झालं?” हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शेगडीत सापडत नाही, ते भिंतींत आणि छपरात सापडते.

दादींचे घर आठवून पाहा. वर कौले असायची आणि दोन कौलांच्या फटींतून सकाळचे ऊन आत यायचे. मराठवाड्यात माळवद असले तरी त्याला धूर जायला मधोमध झरोका ठेवलेला असायचा. लाकडी दाराच्या खाली बोटभर फट, खिडकीला काच नाही, नुसते गज आणि झडप. पत्र्याचे घर असले तरी भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा राहायची. थंडी त्या घरांत शिरायची, म्हणून तर शेगडी लागायची. आणि ज्या फटींतून थंडी शिरायची त्याच फटींतून शेगडीचा विषारी वायू बराचसा निघून जायचा. धोका तेव्हाही होता. पुष्कळदा सकाळी उठल्यावर डोके जड व्हायचे आणि थंडी बाधली म्हणून सोडून दिले जायचे. पण घर स्वतःच श्वास घेत होते.

आता त्याच दादी मुलाच्या नव्या घरात राहतात. वर स्लॅब आहे. खिडकीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आहेत, कडांना रबर लावलेले आहे. दार असे घट्ट बसते की ते लावले की रस्त्यावरचा आवाज बंद होतो. दहा बाय दहाची खोली, पाच माणसे, आणि डास येतात म्हणून एक्झॉस्टच्या भोकातही कापडाचा बोळा कोंबलेला. शेगडी मात्र तीच, जुन्या घरातून आणलेली.

कोळसा जळतो म्हणजे त्यातल्या कार्बनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. ऑक्सिजन भरपूर मिळाला तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण शेगडीतल्या निखाऱ्यांच्या ढिगात सगळीकडे सारखी हवा पोहोचत नाही, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा वायू निघतो. बंद खोलीतला ऑक्सिजन जसजसा खर्च होतो तसतसे याचे प्रमाण वाढत जाते. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्तात ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. सर्वांत आधी मेंदू आणि हृदय यांची उपासमार होते.

म्हणूनच ‘धूर गेला, आता शेगडी आत घ्या’ हा आपला जुना नियम अर्धाच खरा आहे. धूर त्रास देतो, आणि त्रास देतो म्हणून सावधही करतो. लाकडाच्या धुरात कुणी गाढ झोपू शकत नाही. बिनधुराच्या निखाऱ्याशेजारी मात्र छान झोप लागते. निखारा लाल असताना आणि पुढे त्यावर राखेची पांढरी साय चढल्यावरही हा वायू निघतच राहतो. शेगडी ‘विझत आली’ असे वाटते ती वेळही सुरक्षित नसते.

आणखी एक समजूत घराघरांत आहे. शेगडीजवळ पाण्याने भरलेले भांडे ठेवले की ‘गॅस पाण्यात उतरतो’. असे काही होत नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात नगण्य विरघळतो. भांड्यातल्या पाण्याने खोलीतली हवा थोडी ओलसर होईल, एवढेच. कांदा कापून ठेवण्याचेही तसेच. शेगडी खाली आहे आणि आपण पलंगावर उंच झोपलो आहोत, हा दिलासाही फोल आहे. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर सारखा मिसळतो.

कोळशाच्या खाणींतल्या मजुरांना हा वायू फार पूर्वीपासून माहीत होता. 1890 च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो स्वतः हुंगून परिणामांची नोंद ठेवली. माणसाआधी लहान जिवाला तो बाधतो हे पाहून खाणीत छोटे प्राणी-पक्षी सोबत न्यावेत, असे त्याने सुचवले. पिंजऱ्यातली कॅनरी गळून पडली की मजूर बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत 1986 पर्यंत टिकून होती. लहान जीव श्वास भरभर घेतो, म्हणून त्याच्या रक्तात विष लवकर भिनते. घरातल्या तान्ह्या बाळाचेही तेच आहे.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण वर्षाचे बारा महिने शेगडी चालते ती तिथेच. चिल्ल्याचे चाळीस दिवस बाळंतिणीला हवा लागू द्यायची नाही, ही आपल्याकडची रीत. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची, कुणी ऊद-लोबान टाकते. मायलेकरांना कांबळे पांघरायचे, पडदे ओढायचे, दारालाही पडदा. प्रेमापोटीच हे सगळे होते. पण हिशोब मांडला तर घरातले सर्वांत लहान फुप्फुस आणि बाळंतपणात रक्त गेलेली, पुष्कळदा अगोदरच अॅनिमिया असलेली आई, ही दोघे घरातल्या सर्वांत बंद खोलीत, निखाऱ्याच्या थेट वर झोपलेली असतात. तिला चक्कर आली, मळमळले, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले तर ‘नजर लागली’ म्हणतात आणि निखाऱ्यावर मिरच्या-मोहरी टाकतात. म्हणजे शेगडी पुन्हा आतच.

आमचे सांगणे एवढेच आहे की खोलीत ऊब न्यावी, निखारा नेऊ नये. शेगडी अंगणात, ओसरीत किंवा गच्चीवर पेटवा. तिच्यावर तवा ठेवून जाड सुती कापडाच्या घड्या तापवा, जाड्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी गरम करा आणि ती आत आणून कंबर-पोट शेका. आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी. बाळंतिणीची कातडी त्या दिवसांत नाजूक असते. बाळाच्या अंगाला पुरचुंडी लावू नका. त्याला आईच्या अंगाची ऊब सर्वांत चांगली. शहाण्या सुईणी बाळाला आईच्या छातीशी धरायला सांगत, आणि आता डॉक्टरही तेच सांगतात. धुरीची तर बाळाला काहीच गरज नसते. दुपारी दहा-पंधरा मिनिटे कोवळ्या उन्हात बसणे, रबरी पिशवीत गरम पाणी भरून कापडात गुंडाळून पायांशी ठेवणे, कानटोपी, मोजे, दोन पातळ कपडे एकावर एक घालणे, यांतून जी ऊब मिळते तिला कोळशाचा एक तुकडाही लागत नाही. वयस्क माणसांच्या गुडघ्यांसाठीही हेच. दादींना शेगडीपुढे बसायचेच असेल तर ओसरीत बसवा, पाठीवर शाल टाका. गप्पाही तिथे जास्त रंगतात.

खिडकी उघडी ठेवून शेगडी आत चालेल का, असे पुष्कळ जणी विचारतात. खिडकी उघडल्याने धोका कमी होतो, संपत नाही. वारा कुठल्या बाजूचा, खोली केवढी, कोळसा किती, यावर सगळे अवलंबून असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय रात्री दोनला कुणीतरी गारठते आणि उठून खिडकी लावते. स्लॅबच्या खोलीत कोळशाची शेगडी न्यायचीच नाही, हा नियम पाळायला सोपा आहे.

झोपण्यापूर्वी आग विझवण्याची शिकवण तर आपल्याला नवी नाही. मदीनेत एका रात्री एक घर त्यातल्या माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपताना ती विझवायला सांगितले. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची ही रिवायत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्हींत आहे. आपण ती दिव्याच्या वातीपुरती, फार तर चुलीपुरती लक्षात ठेवतो. राखेखालचा निखाराही आगच आहे. तो विझवण्यासाठी बंद खोलीत पाणी ओतू नये. गरम वाफेने हात भाजतो आणि राख उडते. शेगडी बाहेर नेऊन वाळू किंवा माती टाकावी आणि सकाळपर्यंत ती बाहेरच राहू द्यावी.

शेगडीची जागा आता काही घरांत सिलिंडरवर चालणारा, चाके असलेला गॅस हीटर घेतो आहे. दिसायला तो आधुनिक आणि स्वच्छ असतो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे पर्यटक उतरले होते. थंडी कडाक्याची म्हणून एका खोलीत आठ जण गॅस हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. दोन जोडपी आणि त्यांची चार मुले, आठही जण सकाळी बेशुद्ध सापडले आणि त्यांतले एकही वाचले नाही. काश्मीर-मनालीला सहलीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही घटना लक्षात ठेवावी. हॉटेलवाल्याने प्रेमाने बुखारी किंवा गॅस हीटर आणून दिला तर झोपण्यापूर्वी तो बंद करून खोलीबाहेर काढायला सांगा आणि जास्तीची रजई मागून घ्या. बुखारीचा पाइप भिंतीबाहेर गेलेला आहे ना, सांध्यात कुठे तुटलेला नाही ना, हेही पाहा. संकोच करू नका.

घरासाठी असा हीटर घ्यायचाच असेल तर दुकानात रंगापेक्षा दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, हवेतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस आपोआप बंद करणारी सोय त्यात आहे का? दुसरी, हीटर कलंडला तर तो स्वतः बंद होतो का? या दोन्ही नसतील तर स्वस्त मिळतो म्हणून तो घरी आणू नये. मात्र पहिली सोय ऑक्सिजन मोजते, विषारी वायू मोजत नाही. म्हणून ती असली तरी झोपताना हीटर चालू ठेवायचा नाही आणि झोपायच्या खोलीत तो लावायचाही नाही. सोबतच्या पुस्तिकेत ‘फक्त बाहेर वापरण्यासाठी’ असे छापले असेल तर तो अंगणाचाच हीटर आहे. घरात आणल्याने तो घरातला होत नाही.

जोडणी ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावी. नळी आयएसआय खुणेची असावी. तिच्यावर छापलेली मुदत वाचावी आणि ती संपायच्या आत नळी बदलावी. सिलिंडर उभाच ठेवावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून तपासणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हाताला धरून बाजूला करावे. पडदा, गादी, रजई यांपासून हीटर निदान एक मीटर दूर हवा आणि त्याच्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. ओढणीचे पदर आणि सिंथेटिक कपडे झटकन पेट घेतात, म्हणून त्याच्यासमोर बसताना पदर आवरून बसावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी, काजळी धरणारी झाली तर हीटर बंद करून दुरुस्तीला द्यावा. एक फरक मुलांनाही समजावून सांगा. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तोच गॅस अर्धवट जळून जो वायू बनतो त्याला वास नसतो. ‘वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हे गळतीच्या वेळी बरोबर, हीटर चालू असताना चूक.

न्हाणीघरातली गोष्ट याच जातीची आहे. पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब मागच्या अंगणात असायचा आणि त्याला स्वतःचे धुराडे असायचे. आता गॅस गिझर थेट चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, डोक्यावर. थंडीत फजरपूर्वी गुस्लसाठी एकामागून एक माणसे आत जातात, गरम वाफ जाऊ नये म्हणून खिडकीही लावून घेतात. शक्य असेल तर गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यावा. ते होत नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आत जाऊन कडी लावावी. 2030 साली रमजान जानेवारीत येणार आहे. सहरीच्या आधी घरात चूल, गिझर, शेगडी सगळे एकाच वेळी चालू असेल. ही सवय आतापासून लागलेली बरी.

कोकणातल्या ज्या घरांची मुले आखातात आहेत त्यांनी फोनवर हा विषय जरूर काढावा. वाळवंटातली थंडी बोचरी असते. कामगारांच्या खोल्यांत आणि तंबूंत कोळसा पेटवून झोपल्याने तिथेही जीव जातात, आणि तिथले नागरी संरक्षण विभाग हिवाळ्यात याबद्दल इशारे देतात. बखूरसाठी पेटवलेला कोळसाही नंतर खोलीबाहेर ठेवायला सांगावे.

आता, वेळ आलीच तर काय करायचे? हा वायू बाधू लागला की आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, उलटी, हातापायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे. फ्लूसारखेच, पण ताप नसतो. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर शंका घ्यायला तेवढे पुरेसे आहे. पाळलेले मांजर सुस्त पडले तरी दुर्लक्ष करू नका. पाय लटके पडल्यामुळे पुष्कळांना धोका कळूनही दारापर्यंत जाता येत नाही, म्हणून पहिल्या डोकेदुखीलाच उठायचे.

बाहेरून मदतीला जाणाऱ्याने दम धरून आत जावे, वाटेतली दारे-खिडक्या उघडत माणसांना बाहेर काढावे. शेगडी विझवत बसू नये, आधी माणसे. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. आत शिरणे धोक्याचे वाटले तर 101 वर अग्निशमन दलाला बोलवावे. माणूस बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर जोरात आणि भरभर दाब देत राहावे. तोंडात पाणी ओतू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, त्यात मिनिटे जातात.

दवाखान्यात पोहोचल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या: “बंद खोलीत शेगडी होती.” कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. या विषबाधेत ते फसवते. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्या साध्या यंत्राला ओळखता येत नाही, आणि माणूस मरणाच्या दारात असतानाही ते 98 दाखवू शकते. तो आकडा पाहून घरीच थांबू नका. रक्तातले कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासले की खरे कळते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की ते काम साधारण तासा-दीड तासावर येते. म्हणून ‘आता बरे वाटतेय’ म्हणणाऱ्यालाही, त्या खोलीत असलेल्या प्रत्येकाला, न्यायचे.

गरोदर बाई त्या खोलीत असेल तर तिला सर्वांत आधी न्यावे. गर्भाच्या रक्तात हा वायू जास्त साठतो आणि तिथून उशिरा उतरतो. आई उठून बसली, बोलू लागली, तरी पोटातले बाळ सुखरूप आहे असे त्यावरून ठरवता येत नाही. आणि घरी परतल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कुणाला विसरायला होऊ लागले, स्वभाव चिडका झाला, चालताना तोल जाऊ लागला, तर ‘धसका बसलाय’ म्हणून सोडून न देता पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि त्या रात्रीची शेगडी त्यांना आठवणीने सांगावी.